चोचभर पाण्याचं शास्त्र

परसातल्या कोंबड्यांचा विषय निघाला की गप्पा आधी जातीवर जातात. गिरिराज घ्यावी की वनराज, कडकनाथला खरंच भाव मिळतो का, गावरानची चव कशाला येते. मग खाद्य, मग मुंगूस आणि बोके. पाण्यापर्यंत गप्पा पोचतच नाहीत. एखादं जुनं घमेलं, नाहीतर रंगाच्या डब्याचा कापलेला तळ, आणि झाली सोय.

पण कोंबडी दिवसभरात जेवढं खाते, त्याच्या साधारण दुप्पट वजनाचं पाणी पिते. पाणी आटलं की खाणं आपोआप आटतं, आणि खाणं आटलं की अंडी. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या परसांत ३१ कोटी ७० लाखांच्या आसपास पक्षी मोजले गेले, आधीच्या गणनेपेक्षा सुमारे ४६ टक्के जास्त. एवढ्या चोचींना रोज पाणी लागतं. म्हणून आज जात नाही, खाद्य नाही, फक्त पाणी.

चोच बुडव, मान वर कर

कोंबडी पाणी ओढून पिऊ शकत नाही. तिच्या टाळूची रचनाच तशी नाही. ती चोच बुडवते, थोडंसं पाणी उचलते आणि मान वर करते, मग पाणी उताराने घशात जातं. कबुतर मात्र चोच पाण्यात ठेवून सलग ओढू शकतं. एकाच अंगणात दोन्ही येत असतील तर हा फरक मुद्दाम थांबून बघण्यासारखा आहे.

या एका गोष्टीवरून भांड्याची निम्मी निवड ठरते. प्रत्येक घोटाला चोच पाण्यात जाणार, आणि चोचीला चिकटलेला भरडा, माती, तूस सगळं त्यात उतरणार. म्हणजे उघडं भांडं सकाळी कितीही लख्ख घासून ठेवा, दुपारपर्यंत त्यात खाद्याची लापशी झालेली असते. त्यावर उपाय सोपा आहे. भांड्याची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला आणा, दोन विटा पुरतात. कोंबड्या पायांनी विसकटून माती उडवतात ती मग खालीच राहते, आणि काठावर बसून शिटण्याचंही प्रमाण कमी होतं.

अंडं पाण्याचंच

कवच बाजूला काढलं तर अंड्याचा तीन-चतुर्थांश भाग पाणी असतं. नुसता पांढरा बलक घेतला तर जवळजवळ नव्वद टक्के. अंडं तयार व्हायला चोवीस ते सव्वीस तास लागतात, आणि कवच चढायला लागतं त्या पहिल्या काही तासांत पांढऱ्यात पाणी भरून अंडं टपोरं होतं. या काळात भांडं कोरडं राहिलं तर त्याचा हिशेब अंड्यात दिसतो. दिवसभर पाणी तुटलं तर अंडी घटतात आणि ती पूर्ववत व्हायला पाण्याचं भांडं भरणं पुरत नाही, दिवस जातात. पाणी त्याहून जास्त वेळ तुटलं तर कोंबडी अंडी सोडून पिसंच गाळायला घेते.

अंड्यावर आलेली एक कोंबडी साध्या हवेत रोज पाव लिटरच्या आसपास पाणी पिते. दहा कोंबड्यांना अडीच लिटर झाले. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडच्या मे महिन्यात हाच आकडा दुप्पट धरा.

पिण्याच्या वेळाही ठरलेल्या असतात. अंधारात कोंबडी पाण्याकडे जात नाही. उजाडलं की पहिली गर्दी, दिवस मावळायच्या आधी दुसरी. खुराडं उशिरा उघडणाऱ्या घरांनी भांडं खुराड्याच्या आत ठेवायला हवं, नाहीतर सकाळची सगळ्यात मोठी तहान तशीच बंद दाराआड राहते.

हवा: एकीकडे नको, दुसरीकडे हवीच

कृषी सेवा केंद्रात मिळणारा लाल-पांढरा चिक ड्रिंकर सगळ्यांनी पाहिलेला असतो. वर पालथी बाटली, खाली ताटली. त्यातलं पाणी बदाबद खाली का येत नाही? बाटलीच्या तोंडाजवळचं भोक ताटलीतल्या पाण्याखाली बुडालेलं असतं, म्हणून आत हवा शिरत नाही, आणि बाहेरच्या हवेचा दाब आतलं पाणी तोलून धरतो. कोंबडी पाणी प्यायली, पातळी भोकाखाली गेली, बुडबुडा आत शिरला, तेवढंच पाणी बाहेर आलं, भोक पुन्हा बुडालं. स्प्रिंग नाही, वीज नाही, चावी नाही. हवेचा हाच दाब दाखवण्यासाठी इटलीत टॉरिसेलीने १६४३ साली पाऱ्याने भरलेली नळी पालथी केली होती. हवा तब्बल दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ पेलू शकते, तिच्यापुढे आपली फूटभर बाटली किरकोळ.

आता त्याचं दुखणं ऐका. बाटलीला वरून केसाएवढी चीर गेली की हवा आत जाते आणि सगळं पाणी ताटलीवरून वाहून जातं. दुसरं दुखणं कमी लोकांच्या लक्षात येतं. अर्धी रिकामी बाटली उन्हात राहिली की आतली हवा तापून फुगते आणि पाणी बाहेर ढकलते. भांडं फुटलेलं नाही, कोंबडीने सांडलेलं नाही, तरी खाली चिखल. असं दिसलं तर नवीन ड्रिंकर विकत आणू नका, आहे तो सावलीत हलवा. आणि ताटली सपाट जमिनीवर हवी. ती कलली की भोक एका बाजूने उघडं पडतं.

निपल (चोच लागली की थेंब सोडणारी बारीक कांडी) लावलेल्या बादलीचं गणित बरोबर उलटं. तिथे झाकण घट्ट बसलं आणि हवेला वाट उरली नाही तर थोडं पाणी गेल्यावर आत पोकळी होते आणि निपल कोरडी पडते. बादली भरलेली, कोंबडी तहानलेली. झाकणाला खिळ्याने एक बारीक भोक पाडलं की प्रश्न सुटतो. खालून निपल बसवायची असेल तर बादली टांगावी लागते, आडवी निपल बादलीच्या कुशीत बसते आणि बादली विटांवर राहू शकते. परसात मला आडवीच पसंत आहे, कारण टांगलेली बादली धक्का लागला की झुलते आणि ठिबकते.

निपल: छोटी वस्तू, मोठं काम

निपल म्हणजे धातूची एक बारीक कांडी. चोचीने ती ढकलली की थेंब सुटतो, सोडली की पाणी बंद. कोंबडीला चमकणाऱ्या वस्तूवर चोच मारायची उपजत ओढ असते, आणि रंग तिला आपल्याहून जास्त दिसतात: माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, तिच्या डोळ्यात चार, त्यामुळे अतिनील प्रकाशही तिच्या नजरेत येतो. टोकाला लोंबणारा थेंब चमकला की ती चोच मारतेच.

शिकवायचं असं. सकाळी जुनं भांडं उचलून ठेवा, बोटाने कांडी दाबून थेंब दाखवा. कळपातली एक धीट तलंग शिकली की बाकीच्या तिचं बघून शिकतात. संध्याकाळपर्यंत कुणीच शिकलं नाही तर भांडं परत ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा. हे हिवाळ्यात किंवा पावसाळ्यात करायचं काम आहे, वैशाखात अजिबात नाही.

उंचीला फार महत्त्व आहे. कोंबडीचे दोन्ही तळवे जमिनीवर आणि मान थोडी ताणलेली, अशी निपल हवी. खाली लावली तर चोच बाजूने लागते, निम्मं पाणी जमिनीवर. पिल्लांसाठी सुरुवातीला डोळ्याच्या उंचीला, मग वाढीप्रमाणे वर.

नळाचं पाणी थेट निपलला जोडू नका. गच्चीवरच्या टाकीचा दाबसुद्धा तिला जास्त होतो आणि ती रात्रंदिवस गळते. निपलला हातभर उंचीच्या पाण्याचा दाब भरपूर झाला, म्हणून तर साधी बादली चालते. आट्याला टेफलॉन टेपचे दोन-तीन वेढे द्या, तिथून पाझरणार नाही.

तिची उणीवही सांगायला हवी. निपल बुजली तर बाहेरून काही दिसत नाही. मराठवाड्यातल्या बोअरच्या जड पाण्याने कांडीभोवती पांढरा थर धरतो. म्हणून रोज सकाळी प्रत्येक निपल बोटाने दाबायची. थेंब बोटावर आला तरच पाणी आहे असं समजायचं. मोठ्या शेडमध्ये याच निपलच्या लांब ओळी, दाब नियंत्रक आणि गाळणी असते. दहा-पंधरा कोंबड्यांना त्यातली गाळणी तेवढी उपयोगी आहे, तीही साध्या फडक्याची.

बेल आणि कप

घंटेच्या आकाराचा बेल ड्रिंकर मोठ्या कळपाचा. एकावर ऐंशी ते शंभर पक्षी पितात. परसात तो उगाच जागा अडवतो. कप ड्रिंकर दिसायला गोड, पिवळी जीभ दाबली की वाटीत पाणी भरतं, कोंबड्या लगेच शिकतात. पण वाटीत माती साचते आणि जीभ अडकली की पाणी थांबत नाही. रोज पुसायची तयारी असेल त्यांनी जरूर घ्यावा.

तापलेलं पाणी कोंबडी नाकारते

कोंबडीला घामाच्या ग्रंथी नाहीत. तिच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश असतं. हवा तापली की ती चोच उघडी टाकून धापा टाकते, घशातलं पाणी वाफ होऊन जातं आणि अंग निवतं. म्हणजे तिचं पिण्याचं पाणी हाच तिचा घाम आहे. आणि नेमकं तेव्हाच, पत्र्याखाली ठेवलेलं, हाताला कोमट लागणारं पाणी ती चोच लावून सोडून देते. थंड पाणी मिळालं तर मात्र पोटभर पिते.

इथे माठाचं शास्त्र कामी येतं. मातीचं पसरट परळ सावलीत ठेवलं की भांड्यातून पाझरणारं पाणी वाऱ्याने उडतं आणि आतलं गार राहतं. शिवाय त्यात चोच बुडवताना तुरा आणि चोचीखालची लाल लोंबती कातडी भिजते, आणि तिथून उष्णता झपाट्याने बाहेर जाते. हे निपल देऊ शकत नाही. विदर्भ, खानदेश, मराठवाडा इथल्या प्रत्येक खुराड्याजवळ मार्चपासून जूनपर्यंत एक परळ असावंच, मग बाकी सोय कितीही आधुनिक असो.

धापा टाकण्याचा आणखी एक परिणाम होतो. श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्ताचं संतुलन बदलतं आणि कवचासाठी लागणारा माल कमी पडतो. उन्हाळ्यात अंड्याचं कवच पातळ होण्याचं हे मोठं कारण आहे. १९८५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी उष्णतेत ठेवलेल्या लेगहॉर्न कोंबड्यांना चक्क सोडावॉटर पाजून पाहिलं, आणि कवचाची प्रत सुधारली. घरी सोडा ओतायची गरज नाही. सावली, वारा आणि गार पाणी एवढं पुरे.

तांब्याचं घंगाळ इथे नको

आंबट पदार्थ तांब्या-पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात ठेवला की कळकतो, हे आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. कोंबड्यांच्या पाण्यात व्हिनेगर घालायची टूम आता सगळीकडे पोचली आहे. घालणाऱ्यांनी तोच जुना नियम इथेही पाळावा. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या भांड्यात आम्ल गेलं की जस्त पाण्यात उतरतं, आणि ते कोंबडीला विषारी आहे. व्हिनेगर घालायचंच असेल तर प्लॅस्टिक किंवा स्टील.

प्लॅस्टिकमध्येही पारदर्शक नको. उजेड आत गेला की हिरवं शेवाळ धरतं. आणि भांड्याच्या आतून बोट फिरवल्यावर जो बुळबुळीत थर लागतो ती जंतूंची वसाहत असते. नुसतं विसळून ती जात नाही, काथ्याने घासावीच लागते. म्हणून भांडं घेताना दुकानातच हात कोपरापर्यंत आत घालून बघा. जिथे हात पोचत नाही ते भांडं स्वच्छ राहणार नाही.

टीसीएल आणि मानमोडीची लस

मानमोडी म्हणजे राणीखेत रोगाची लासोटा लस पिण्याच्या पाण्यातून दिली जाते. ती जिवंत विषाणूची लस आहे. ग्रामपंचायतीच्या पाण्यात टीसीएल पावडर असते, तिच्यातला क्लोरीन जसा रोगजंतू मारतो तसाच लसही मारतो. मग लस दिली असं वाटतं आणि कळप उघडाच राहतो. त्यामुळे त्या दिवशी क्लोरीन नसलेलं पाणी, त्यात माहितीपत्रकात सांगितलेल्या प्रमाणात बिनसायीची दूध पावडर, धातूचं भांडं नाही, आणि वेळ भल्या सकाळची. आधी तास-दोन तास पाणी बाजूला ठेवायचं, म्हणजे सगळ्या तहानेने येतात आणि लसीचं पाणी लवकर संपतं. भांडी मात्र जास्त लावा. एकाच भांड्यावर दांडग्या कोंबड्या पितात आणि दुबळ्या मागे राहतात, आणि लस नेमकी दुबळ्यांना लागते. बाकीच्या दिवशी टीसीएलचं पाणी उत्तमच.

पिल्लांच्या ताटलीत गोट्या

अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू पोटातल्या पिवळ्या बलकावर जवळपास तीन दिवस तग धरतं. म्हणूनच एक दिवसाची पिल्लं हॅचरीतून खोक्यात बसून दूरच्या गावाला पोचू शकतात. पण पोचली की आधी पाणी, मग खाद्य. गुळाचं पाणी द्यायची आपल्याकडची पद्धत चांगली आहे, प्रवासाने थकलेल्या पिल्लाला त्यातून लगेच ताकद मिळते. दोन-चार पिल्लांची चोच अलगद पाण्याला लावा, बाकीची बघून येतात.

ताटलीत मुलांच्या काचेच्या गोट्या पसरा. पिल्लू भिजत नाही, बुडत नाही, आणि चकाकणाऱ्या गोट्यांवर चोच मारता मारता पाणी प्यायला शिकतं. आठवडाभराने गोट्या मुलांना परत.

ओलं तूस, डास आणि बगळे

गळक्या भांड्याचं खरं नुकसान पाण्याचं नसतं, खालच्या तुसाचं असतं. रक्ती हगवण करणारे परजीवी शिटेतून बाहेर पडतात तेव्हा लगेच बाधा करत नाहीत. ऊब, हवा आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत ते तयार होतात. ऊब आपल्याकडे आहेच, हवाही आहे. ओल तेवढी आपल्या हातात. भांड्याखाली जाळी किंवा खडीचा थर ठेवला की तूस कोरडं राहतं.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात पाण्यातल्या मिठानेच कोंबड्या जास्त पितात आणि पातळ शिटतात. तिथे औषधाआधी पाणी बदलून बघावं, पावसाचं साठवलेलं असेल तर फारच उत्तम.

कोपऱ्यात विसरलेल्या भांड्यात डेंग्यूच्या डासाची पैदास आठ-दहा दिवसांत पूर्ण होते. घरच्या पिंपांसाठी आपण आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळतो, त्यात खुराड्याची भांडीही धरा.

आणि उघड्या पाण्यावर येणारे पाहुणे. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, ती धावपळ खानदेशात अजून आठवते. जंगली पाणपक्षी हा विषाणू शिटेतून टाकतात आणि तो पाण्यात टिकतो. तळ्याकाठच्या, भातशेताजवळच्या घरांनी परळ खुराड्याच्या जाळीच्या आतच ठेवावं, आणि ओढ्या-तळ्याचं पाणी थेट कोंबड्यांना देऊ नये.

मग घ्यायचं काय?

पाच-सात कोंबड्या असतील तर दोन चांगले चिक ड्रिंकर, विटांवर, सावलीत. दहा ते वीस असतील तर झाकणाची अपारदर्शक बादली, कुशीत चार-पाच आडव्या निपल, झाकणाला हवेचं भोक. वीस लिटरची बादली आठवडाभर भरून ठेवायच्या मोहात पडू नका. पाणी शिळं होतं आणि तापतं. रोज संध्याकाळी बादली धुवून भरा, रात्रभरात पाणी निवतं आणि उजाडताना पहिल्या गर्दीला गार मिळतं.

कुठलीही पद्धत घ्या, दुसरं भांडं हवंच. एक बुजलं, सांडलं, फुटलं तर दिवस निभावतो, आणि दांडगी कोंबडी एकावर पहारा करत बसली तर दुबळीला दुसरं असतं. विजेवर चालणारं काहीही एकटं ठेवू नका. भारनियमनाची दुपार हीच सर्वांत जास्त तहानेची दुपार असते.

पाणी मापाने घाला, रोज त्याच तांब्याने. आजारी कळपाचं पिणं बहुतेक वेळा बाकी लक्षणं दिसायच्या आधी बदलतं. काल पाच तांबे लागले आणि आज त्याच हवेत तीनच संपले, तर उद्याची वाट न बघता पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा.